शनिवारची मुक्कामाची गाडी

"गावात उतरलो की परतीची एसटी कितीची गं?" हेमानं विचारलं, तशी कुमुदनं गाड्यांच्या वेळांची आपली जुनी वही मांडीवर ओढली. घाटमाथ्याची ती लांबलचक वाट दोघी दरवर्षी एकेक टप्पा करत चालत आल्या होत्या. यंदा, सातव्या टप्प्याला, कुमुदचा गुडघा आडवा आला आणि हेमानं ऑफिसातल्या तृप्तीला बरोबर घेतलं.

"शनिवारी संध्याकाळी उतरू. तृप्ती काय चालते गं, हरिणच!"

कुमुदच्या अंगाचा तिळपापड झाला. वहीत तिनंच लाल शाईनं लिहून ठेवलं होतं, 'शनिवारी मुक्कामाची गाडी नाही.' त्या ओळीवर तिनं हळूच अंगठा ठेवला.

"संध्याकाळी मुक्कामाची गाडी येते, तीच सकाळी सहाला परत निघते," ती म्हणाली. गाडी नसली की फाट्यापर्यंत बारा किलोमीटर तंगडतोड. करू दे की हरणाला!

हेमानं वेळ टिपून घेतली. "मग तूही शनिवारी त्याच गाडीनं गावात ये. वेशीवर थांब आणि शेवटचा फर्लांग आमच्याबरोबर चाल. तुझं पाऊल पडल्याशिवाय टप्पा पुरा झाला, असं मी मानायची नाही."

 कुमुदनं अंगठा उचलला आणि वही हेमासमोर सरकवली.

"शनिवारी गाडी नसते. रविवारी उतरा," ती म्हणाली, "आणि तुझ्या त्या हरणाला सांग, शेवटचा फर्लांग माझ्या चालीनं चालायचा."