दोन दप्तरे

वर्गमित्राला जिन्यावरून ढकलून त्याचा हात मोडणाऱ्या मुलास बाईंनी छडी मारली नाही. प्लास्टर निघेपर्यंत मित्राचे दप्तर रोज त्याच्या घरापर्यंत वाहून न्यावे, एवढेच फर्मावले. दोन दप्तरांखाली वाकलेल्या आपल्या चिरंजीवास रस्त्यात पाहून ट्रकमालक वडील खवळले आणि त्याला तसेच ओढत शाळेत घेऊन आले.

"बाई, माझा पोरगा काय हमाल आहे? अशानं पार मेंगळट होईल तो. आत्ताच्या आत्ता बंद करा ही शिक्षा."

"शिक्षा संपून महिना झाला, दादा. प्लास्टर कधीच निघालं."

वडिलांचा हात नेहमीप्रमाणे पोरावर उगारला गेला. मुलगा मात्र प्रथमच मागे सरकला नाही.

 

"मारा, बाबा. पण त्याचा हात अजून दुखतो. उद्याही दप्तर मीच नेणार."