मागची चाकं

मामा खोटं बोलायला लागला की फार तपशिलात शिरायचा. आत्ताही गॅरेजच्या दारात उकिडवा बसून तो भाचीला इंजिनाचा दम, वाळूची ओढ आणि गिअरबॉक्सचं आयुष्य समजावून सांगत होता, आणि ती बिचारी मान डोलावत होती.

दोघांच्या मध्ये, वाळूत पळवायच्या तिच्या बग्गी गाडीच्या मागच्या टायरच्या दोन जोड्या पडल्या होत्या. एकीवर फावड्याच्या पात्यासारख्या उंच पट्ट्या, वाळू मागे लोटत गाडीला वर रेटणाऱ्या. दुसरीच्या पट्ट्या बुटक्या, जेमतेम बोटभर, सपाट वाळूवर मजेत हिंडायला ठीक. उद्याच्या शर्यतीत मात्र गॅरेजसमोरची ती मोठी वाळूची टेकडी ओलांडायची होती, आणि टेकडीच्या पलीकडे उतार कसला, कडाच होता. माथ्यावर वेग जरा जास्त झाला तर बग्गी चाकांवरच उतरेल याची खात्री कुणी देत नव्हतं.

"उंच पट्ट्या आपल्या इंजिनाला झेपणार नाहीत," मामाने निकाल दिला. "अर्ध्यातच बंद पडेल."

"तू म्हणतोस तर बुटक्या," भाची म्हणाली आणि जॅक आणायला गेली.

इतकं सोपं जाईल असं त्याला वाटलं नव्हतं. सकाळी ताईचा फोन आला होता. पोरगी माझं ऐकत नाही, बापाला तर खिशात घालून फिरते, पण टायरच्या बाबतीत तुझ्या शब्दाबाहेर नाही, तेव्हा काय करायचं ते तूच कर, असं ताई म्हणाली आणि रडली. ताईला रडताना ऐकून मामाचं डोकं चालेनासं झालं, आणि न चालणाऱ्या डोक्यातून ही युक्ती निघाली. बुटक्या पट्ट्यांनी गाडी टेकडी चढणारच नाही. आज सरावातच ते कळेल, नाव मागे घ्यावं लागेल, पोरगी चार दिवस तोंड फुगवून बसेल. पण धडधाकट बसेल.

टायर चढवून झाल्यावर त्याने त्यातली हवा कमी केली, म्हणजे ते वाळूवर पसरतील. तिने सीटचे पट्टे आवळले, हेल्मेट घातलं आणि बग्गी सरळ टेकडीच्या अंगावर घातली.

अर्ध्यापर्यंत ठीक गेली. मग मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, वाळूचे फवारे उडाले, आणि बूड खचून बग्गीचं तोंड हळूहळू एका बाजूला वळायला लागलं. हे मामाच्या हिशेबातच नव्हतं. गाडी चढणार नाही, एवढंच त्याने धरलं होतं. अडकलेली गाडी उतारावर आडवी होते आणि आडवी झाली की लोळत खाली येते, हे तो जगाला शिकवत आला होता आणि आज नेमका स्वतःच विसरला होता. पुढचं एक चाक वाळूवरून उचललं गेलं. तो ओरडत धावला, पण वाळूतून पाय निघेनात आणि इंजिनाच्या आवाजात त्याचं ओरडणं त्यालाच ऐकू येईना.

तिने घाई केली नाही. उचललेलं चाक टेकू दिलं, तोंड जरा सरळ करून घेतलं आणि रिव्हर्स टाकून, चढताना पडलेल्या चाकोरीतूनच बग्गी मागे मागे खाली आणली.

हेल्मेट काढलं तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, तरी ती हसायचा प्रयत्न करत होती. मामा धापा टाकत वाळूतच बसला.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "ॲक्सिलरेटर लवकर सोडला मी. उद्या लांबून येते आणि दाबूनच ठेवते."

ती तसं करणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे अडकणार, आणि तेही आणखी वर. ती स्वतःला दोष देत होती आणि त्याला तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त.

"तुझं काही चुकलं नाही," तो म्हणाला. "टायर काढ. उंच पट्ट्यांचे घालू."

"इंजिनाला झेपत नाहीत ना?"

"इंजिनाला झेपतात." तो हातावरची वाळू झटकत राहिला. "मला झेपत नाहीत."

ती चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. आईचा फोन आला होता का, एवढंच तिने विचारलं. त्याने होकारार्थी मान हलवली. मग ती पाना घेऊन आली आणि मागच्या चाकाशी बसली. त्याने तिच्या हातून पाना काढून घेतला. नट त्याला स्वतःच आवळायचे होते.

पट्ट्या वाळू मागे लोटतील अशाच बाजूने बसल्यात ना, हे त्याने पुन्हा पुन्हा पाहिलं. नट आवळले, परत आवळले. हवा मोजली, थोडी काढली, परत मोजली. माथ्याशी आलीस की पाय हलका कर, पलीकडचं दिसल्याशिवाय दाबू नकोस, असं त्याने बजावलं. तिला ते पाठ होतं, तरी तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्याने तेच पुन्हा सांगितलं, आणि तिने पुन्हा ऐकून घेतलं.

ती आत बसली, पट्टे आवळले, इंजिन सुरू केलं. बग्गी जागेवरच घरघरत उभी राहिली. मामा मागच्या चाकाशी उकिडवा बसून टेकडीच्या माथ्याकडे बघत होता. थोड्या वेळाने, आता कशाला थांबलीस, असं त्यानेच विचारलं.

"मामा," ती हेल्मेटमधून म्हणाली, "चाकावरचा हात काढ."