हातमोजे न काढता

"आधी मला एवढंच सांगा, हातमोजे न काढता फोटो निघतो तो यातला कुठला?" आईने विचारलं.

दुकानदार जरा गोंधळला. लोक त्याला लेन्सचं विचारत, बॅटरी किती वेळ चालते ते विचारत, आणि सगळं झालं की कव्हर फुकट मिळेल का, हेही विचारत. हातमोज्यांचं आजवर कुणी विचारलं नव्हतं. काचेच्या काउंटरवर त्याने दोन कॅमेरे आपापल्या पांढऱ्या खोक्यांशेजारी मांडले होते. एक काडेपेटीहून जरासा मोठा, अ‍ॅक्शन कॅमेरा. दुसरा मुठीत न मावणारा, चांगला वजनदार, मिररलेस.

"आई, अगं काय हे," लेक हळूच म्हणाली. "आणि गळ्यातली टेप तरी घरी काढून ठेवायचीस."

आई शिलाई मशीनवरून उठून तशीच आली होती. गळ्यात टेप, कॉलरला चार टाचण्या. आठ दिवसांनी लेक पुन्हा डोंगर चढायला निघणार म्हटल्यावर तिचं कामात लक्ष लागत नव्हतं. सकाळीच तिने एका गिऱ्हाइकाची बाही उलटी जोडून ठेवली होती. गेल्या खेपेला एका फोटोपायी या पोरीने बर्फात हातमोजे काढले, आणि उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं पांढरीफटक पडली. बोटं वाचली. आता ठणठणीत आहेत, असं लेक सांगत होती. त्याच बोटांनी ती दोराच्या गाठी मारणार होती, आणि त्या गाठींवर तिचा जीव टांगलेला असणार होता. आईला दुसरं काही सुचतच नव्हतं.

"मग हा छोटाच घ्या, काकू," दुकानदार म्हणाला. "हेल्मेटला लावला की झालं, दोन्ही हात मोकळे. पडू दे, भिजू दे, हूं की चूं करत नाही. बटण एकच. हातमोज्यातूनसुद्धा बोटाला कळतं, असं खट्कन बसतं."

"आणि हा मोठा?"

"याचे फोटो म्हणजे विचारूच नका. पण दोन्ही हात लागतात. आणि इतकी बटणं म्हटल्यावर हातमोजे काढणं आलंच."

"ठरलं तर मग. लहानच द्या."

"अगं, मला विचारशील तरी!" लेक हसली. "डोक्यावर डबी बांधून फिरायचं आणि घरी येऊन बघायचं काय, तर पुढच्या माणसाचे बूट. डोंगर दिसायला नको?"

"मला तू दिसलीस की पुरे."

"ताई, हातात घेऊन तर बघा," दुकानदाराने मध्येच तोडगा काढला.

लेकीने छोटा कॅमेरा घेतला, बटण दाबलं. लाल दिवा लागला. तिने पुन्हा दाबलं. दिवा गेला.

"एकदाच दाबायचं, ताई. आत्ता चालू झाला होता की."

तिने परत दाबलं, मान वाकवून दिव्याकडे पाहिलं, आणि मगच बोट उचललं.

आईचं लक्ष त्या वाकलेल्या मानेवर गेलं. चाळीस वर्षं ती दोऱ्याला गाठी मारत होती. गाठ बसली की नाही हे बोटाला कळतं, त्यासाठी कधी मान वाकवावी लागत नाही.

"बटण फारच बारीक आहे," डबी खाली ठेवत लेक म्हणाली. "मला हा मोठाच बरा."

"डॉक्टर काय म्हणाले होते गं बोटांचं?"

"किती वेळा सांगू? सगळं ठीक आहे. गाठी तर मी डोळे मिटून मारते."

तिने मिररलेस डाव्या हाताने उचलला, डोळ्याला लावला आणि दारातून समोरच्या गच्चीवर रोखला. "बाप रे, काय दिसतंय! कठड्यावरचं कबुतर अगदी नाकासमोर आलं."

"उजवा हात दे बघू इकडे."

"घे बाई, घे," डोळा न हलवता तिने हात पुढे केला.

आईने तो आपल्या तळव्यावर घेतला. बोटं कोमट होती, गुलाबी होती, दिसायला कुठे काही नाही. मग तिने कॉलरची एक टाचणी काढली. आपण हे काय करतोय, असं तिचं तिलाच वाटलं. ही लहान होती तेव्हा हिला साधं इंजेक्शन द्यायचं म्हटलं तरी आई दवाखान्याबाहेर जाऊन उभी राहायची. मन घट्ट करून तिने टाचणी बोटाच्या टोकाला टेकवली. जराशी रुतवली. आणखी रुतवली.

"आई, त्याचा डोळासुद्धा दिसतोय गं! लाल आहे."

आईने टाचणी उपसली. परत कॉलरला लावताना तिला दोनदा जागा सापडेना. लेकीने हात काढून घेतला, कॅमेरा खाली ठेवला आणि त्याचं खोकं पुढे ओढलं.

"अहो, हे रक्त कुठून आलं?" दुकानदार म्हणाला.

पांढऱ्या खोक्यावर लाल ठिपका होता. लेकीने तो पाहिला, आईच्या कॉलरच्या टाचण्या पाहिल्या, आणि ती वैतागलीच.

"टोचून घेतलंस ना? शंभरदा सांगितलं, टाचण्या घरी ठेवून येत जा. बघू, कुठल्या बोटाला लागलं?"

आईने दोन्ही हात पुढे केले. लेक एकेक बोट उलटसुलट करून पाहू लागली, आणि जिथे तिचा हात लागला तिथे लाल डाग उमटत गेला.

"अगं आई," ती घाबरून म्हणाली, "तुझ्या सगळ्याच बोटांना लागलंय."