उन्हातला टब

‘तळं माशांचं गं बाई, विहीर माझ्या लेकरांची…’ मका वाटताना आई गायची. तिला जाऊन वीस वर्षं झाली, तरी मक्याचं पेय, पोसोल, घुसळताना नेरेइदाच्या कानात तो आवाज घुमायचाच. आज तर पहाटे विहिरीचा रहाट कुरकुरला, तेव्हापासूनच.

अंगणात दोन टब. एक आंब्याच्या सावलीत, एक उन्हात. दोन्हींत माशांची काचेसारखी पिल्लं.

“पाणी एकच ना?” तेल कंपनीच्या सास्त्रेसाहेबांनी बुटांचा चिखल खरवडत विचारलं. ते तळ्यावरूनच आले होते.

“एकच. तळ्याचं. फिदेंसियोमामानं पहाटेच भरलंय.”

मामानं कोरड्या वहाणा बाकाखाली सरकवल्या.

“बाई, आम्ही तळ्याचं पाणी तीनदा तपासलं,” साहेब म्हणाले. “ पिल्लं जगली.”

“बंद खोलीत ना? तेल अंधारात निजतं साहेब, उन्हात डसतं. ह्यांच्या अंगातून ऊन आरपार जातं.”

“बरं. दुपारपर्यंत उन्हातली मेली, तर तेलाची नळी आजच बंद.” नळी घरांच्या मागून, जमिनीखालून तळ्याकडे गेली होती. “आणि जगली तर?”

“तर पुन्हा कचेरीची पायरी चढणार नाही.”

“चढायला पायरी उरलीय कुठं?” मामा हसला. “झिजवलीस की सगळी!”

मका-कोकोचं गार पोसोल साहेब दोन तुंबे प्याले. “पाणी गोड आहे हो तुमच्याकडे.”

“आईच्या विहिरीचं आहे.”

ऊन चढलं. आधी एक पिल्लू कलंडलं, मग चार. मामाचं हसू मावळलं. तो टबाशी उकिडवा बसला, तो उठेचना. बारा वाजता उन्हातल्या टबात एकही पिल्लू हलत नव्हतं. सावलीतली सुळसुळत होती.

साहेबांनी कागद काढला, सही केली. सहा वर्षं! नेरेइदाचे डोळे भरून आले. तेवढ्यात लेक शाळेतून आली. नेरेइदानं तुंबा भरून तिच्या ओठांना लावला.

मामानं झडप घालून तो हिसकावला. पोसोल अंगणभर सांडलं.

“मामा! वेड लागलं का?”

मामानं टबांकडे बोट दाखवलं.

“तळ्यापर्यंत माझे गुडघे जात नाहीत गं पोरी,” तो म्हणाला. “दोन्ही टब मी आपल्या विहिरीवर भरले.”