सगळ्यात कडक गोळे

कारखान्यात साहेबांना सगळे पाठीमागे 'मेजर' म्हणायचे. त्यांची लेक तिथेच इंजिनिअर होती आणि कामावर त्यांना कटाक्षाने 'सर' म्हणायची. आई गेल्यापासून घरीही दोघांत कामापुरतंच बोलणं उरलं होतं.

पिंपासारख्या मिलमध्ये फिरत पावडर दळणारे गोळे निवडायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली होती, "सर, थोडे नरम घेऊ. गोळे झिजले तर बदलता येतात."

"नरम कारभार मला चालत नाही," म्हणत मेजरांनी बाजारातले सगळ्यात कडक गोळे आणून भरले. पुढे कित्येक महिने मिलने हूं की चूं केलं नाही.

आज मात्र पांढऱ्याशुभ्र पावडरीत काळे कण सापडले आणि मिल थांबवावी लागली. गोळेच झिजले असतील, अशी कुजबुज झाली. झाकणाचे बोल्ट सुटेपर्यंत कुणी कुणाकडे बघेना. मेजरांनी आत हात घालून एक गोळा काढला, रुमालाने पुसला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"बघा! साधा ओरखडा नाही. उगाच माझ्या गोळ्यांच्या नावाने खडे फोडत होता!"

लेकीने त्यांच्या हातात टॉर्च दिला. उजेड मिलच्या आतल्या भिंतीवर पडला. रबराचं जाड अस्तर पार खरवडून गेलं होतं आणि मागचा पत्रा उघडा पडला होता.

"एवढं होईपर्यंत... काहीच कसं कळलं नाही?" मेजर पुटपुटले.



"आईनेही कधी हूं की चूं केलं नव्हतं, बाबा."