पलीकडची भिंत

भिंतीला पाठ टेकून दिवाकर वसावे डब्यातली गार भाकरी खात होते. भिंत कोमट झाली होती, म्हणजे शेजारच्या पाडवींकडे स्वयंपाक चालू होता. तोरणमाळच्या मंडळाने वस्तीच्या भिंतींतून धुराची वाट काढल्यापासून एका घरची चूल पुढच्या घरची भिंत तापवायची.

मंडळाची रोशनी दारात आली. "आजोबा, तुमची चूल पेटत नाही."

"बायको गेल्यावर एकट्यासाठी कशाला पेटवू? माझ्या पुढचं घर तर रिकामंच."

"पलीकडे ठुमाबाई राहायला आल्यात. दिवाळीपासून कुडकुडतायत, पण कुणाला सांगत नाहीत."

ती गेल्यावर वसाव्यांनी चूल पेटवली. पहिली भाकरी करपली, दुसरी जमली. मग पलीकडून भिंतीला बांगड्या टेकल्याचा आवाज आला.

पोट भरलं होतं, तरी त्यांनी तिसऱ्या भाकरीचं पीठ मळायला घेतलं.