नानांचं ताट

“ताठ बसा. हनुवटी छातीला टेकवा. आता गिळा,” ताईबाईंनी नवऱ्याला फर्मावलं.

नानांनी मऊ भाताचा घास गिळला आणि खोकले.

“खा अजून तंबाखू! चाळीस वर्षं घसा फोडून सांगितलं मी. ऐकलंत?”

महिन्यापूर्वी दोघं जळगावला डॉक्टरकडे जाऊन आली होती. डॉक्टरनं ताईबाईंच्याही घशात बॅटरी मारली, तेव्हा त्या म्हणाल्या, “माझं राहू दे, भाऊ. माझा आवाज इथून सावद्याला ऐकू जातो.” मग नानांना एकट्याला आत थांबवून घेतलं. ते बाहेर आले तेव्हा हातात कागद होता, तोही वरून फाटलेला.

“कागदसुद्धा धड आणता येत नाही या माणसाला,” म्हणत ताईबाईंनी तो स्वयंपाकघरात चिकटवला. शाळा त्यांनी पाहिली नव्हती; पण बँकेत अंगठा लावत नसत, स्वतःचं नाव झोकात लिहीत. बाकीचं सून सुलक्षणानं वाचून दाखवलं: गिळायच्या नसा ढिल्या पडल्यात. भाकरी, शेंगदाणे बंद. पाणीही घट्ट करून. घास श्वासनळीत गेला तर माणूस बसल्या जागी जाईल.

तेव्हापासून नानांचं जेवण त्या स्वतः घोटत. नाना अर्धं ताट टाकून उठत. लग्नापासून ताईबाई नवऱ्याच्याच ताटात जेवत आल्या. “आताच्या सुनांना वेगळं ताट लागतं, म्हणून नवरे वाळतात,” हे सुलक्षणाला ऐकवून झालं की त्या उरलेला गिळगिळीत गोळा संपवायला बसत.

आजही बसल्या. चौथ्या घासाला ठसका लागला. चेहरा काळानिळा झाला. नाना धावले; त्यांची पाठ चोळत राहिले. बऱ्याच वेळानं ताईबाईंचा श्वास परत आला.

“मिरची कुणी परतली ग?”

“मीच, आई,” सुलक्षणा म्हणाली. गॅस बंद होता.

“आणि तुम्ही काय बघता? स्वतःचा घसा सांभाळा!”

त्या आडव्या झाल्यावर नाना मागच्या दाराशी आले. सुलक्षणानं पदराखालून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि मूठभर शेंगदाणे दिले. नानांनी ते कडाकड चावले. एकदाही खोकले नाहीत.

“आज त्यांना चारच घास गेले, नाना. काल सात गेले होते.”

नानांनी डोळे पुसायला रुमाल काढला. त्यातून कागदाचा फाटका तुकडा खाली पडला. सुलक्षणानं तो झटकन उचलला.

“जपून ठेवा. एवढं त्यांना वाचता येतं.”

तुकड्यावर लिहिलं होतं: ताईबाई वना पाटील.